विणकरी गाठ

मच्छेच्या वाटेवर शेवटचा गॅरेजवाला
रविवारीही लोखंड ठोकत बसलेला असतो.
त्याच्या मागं तारेचं कुंपण,
आणि कुंपणात चार एकर झाडं, सगळ्यांची.
मी तिथं जातो.
हजेरी नाही, पगार नाही,
पगार कापायलाही कोण नाही.

वडगावात आमचे दोन माग होते.
एक विकला, एक भंगारात घातला,
खडखडाट तेवढा माझ्या कानात राहिला.
रात्री झोपेतच बोटं सूत जोडायची.
बायको हलवून विचारायची,
"कुणाची साडी विणायलाय ओ?"

पहिल्या दिवशी शिवलीलानं,
वनखात्याची पोर, बैलहोंगलची,
हातात पहार दिली. मला पेलेना.
मग सुतळीचा गुंडा दिला:
रोपं काठीला बांधा, मामा.
बांधली.
ती वाकून बघतच राहिली.
"इदेंथा गंट री?"
विणकरी गाठ, बाई. तुटलेला धागा जोडायची.
वारा ओढेल तशी घट्ट होते,
आणि हे टोक मी ओढलं तर मोकळी.
चाळीस वर्षं ती गाठ
मागाच्या बाहेर कधी पडलीच नव्हती.

पाट्यांचं काम दस्तगीर पेंटरकडं.
झाडाचं नाव कुठल्या लिपीत वर, कुठल्या खाली,
यावर दोन रविवार चहा गार झाला.
मग त्यानंच पत्रा दोन्ही बाजूंनी रंगवला,
एकीकडं नेरळे, दुसरीकडं जांभूळ,
आणि एकाच तारेवर टांगला.
आता वारा ठरवतो.
बुलबुल मात्र खाली वाचायला येत नाही,
खातो,
आणि दोन्ही बाजूंवर सारखंच जांभळं शिटतो.

सगळंच जगलं असं नाही.
तिसऱ्या वर्षीच्या एप्रिलात एकतीस रोपं गेली,
सात शेळ्यांनी, बाकीची उन्हानं.
मी मोजली, कारण मोजल्याशिवाय
मला कापडही कधी कापता आलं नाही.
त्या दिवशी गंगव्वानं ताक आणलं होतं, मिरचीचं,
कोण प्यायलं नाही.
तिनं ते वाळक्या आळ्यात ओतलं
आणि भांडं घासत बसली.

उद्यमबागेत लेथवर असलेला पोरगा विचारतो,
"मिळतं काय तिथं, बाबा?"
एक कागद मिळाला, सही-शिक्क्याचा,
त्यावर हावळचं हवाल झालंय.
दाखवला त्याला. हसला.
मीही हसलो.

पण परवा काय झालं ते नाही सांगितलं.
करंजाखाली एक बाई डबा सोडून बसली,
बहुतेक दवाखान्यातनं आलेली,
हाताला अजून कापसाचा बोळा.
मला बघून अर्धी उठली.
"इथं बसलं तर चालतं का?"
बसा की.
दुसरं काही सुचलंच नाही.
ती जेवली, हात धुतलेलं पाणी
न सांगता करंजाच्या बुंध्याला घातलं, आणि गेली.
झाड कुणी लावलं ते तिनं विचारलं नाही.
मला ते फार बरं वाटलं,
का ते अजून कळलेलं नाही.

त्याच करंजाची काठी खालून कुजली होती.
आता झाडानंच काठी धरून ठेवलेली.
गाठ सालीत जराशी रुतलेली.
नखानं टोक शोधलं,
ओढलं.
चार वर्षांनी, एका ओढीत.
करंज थोडा हलला, माझ्याकडं नव्हे,
रेल्वेरुळांच्या बाजूला,
आणि परत आपल्या जागी आला.

शिवलीला म्हणाली, टाकून द्या ती, मामा, नवी आहे की.
टाकली नाही.
पलीकडच्या वाफ्यात चिंचेचं एक रोप
वाऱ्यात उगाच जास्त नाचत होतं.
गुडघ्यावर बसलो, गुडघा कुरकुरला.
सुतळी ओठात धरून ओली केली,
जशी सुताला करायचो.
चव मातीची होती.